पाटीपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत



परीक्षा ही शाळेइतकीच जुनी, असे आपण धरून चालतो. जिथे फळा आणि खडू, तिथे परीक्षा असायचीच! पण इतिहास पाहू गेले तर तसे दिसत नाही. आपल्याकडे गावोगावच्या शाळा पुष्कळ जुन्या आहेत. सगळ्या मुलांना एकाच दिवशी, एकाच मापाने मोजणारी परीक्षा मात्र त्या मानाने अलीकडची. ती आपल्या लहान मुलांच्या शाळेत कशी आली, आल्यावर तिने शाळेचे काय केले आणि मुलाला तिच्यासाठी तयार करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आज सांगायचे आहे. ऐकणारांत गुरुजी आहेत, बाई आहेत, तशी शेतातून नुकतीच घरी आलेली आईबापमंडळीही आहेत. विषय दोघांचाही आहे.

पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल बसला, तेव्हा गावातली शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२४ साली, सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून या शाळांची माहिती मागवली. त्यांना इमारत अशी क्वचितच असे. कोणाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, तीच शाळा. छापील पुस्तक नाही. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे, हात बसला की मोडीकडे वळायचे. आणि पाढे! तीसपर्यंतचे पाढे तर होतेच. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी. संध्याकाळी परवचा म्हणायचा. ज्याची सवायकी पक्की, त्याला सव्वा रुपया भावाने तेरा पायल्यांचे किती होतात हे विचारायचा अवकाश, की तोंडातून ‘सव्वासोळा’ बाहेर पडलेच.

या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हती. एकाच ओसरीवर एक मूल बाराखडी घोटते आहे, दुसरे दिडकी म्हणते आहे, तिसरे मोडी पत्र वाचते आहे, असे चाले. कोणी पास नाही, कोणी नापास नाही. मुलगा तयार झाला की नाही हे बाजारात कळे, सावकाराच्या वहीसमोर कळे, परगावच्या नातलगाचे पत्र चार माणसांत वाचायची पाळी आली म्हणजे कळे. वापर हीच कसोटी. मात्र या शाळांचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी तर होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओसरीवर कोणाला बसू द्यायचे हे आधीच ठरलेले असे. मुली तिथे नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती. कुणब्याचे पोर असले तर क्वचित. ज्यांना आतच घेतले नाही, त्यांची परीक्षा घेण्याचा प्रश्नच कुठे येतो?

म्हणूनच परीक्षेचा आपल्याकडला एक जुना आणि मानाचा प्रसंग मुलींच्या शाळेचा आहे, हे मला विशेष वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, पुढे आणखी शाळा काढल्या. १८५२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. जाहीर म्हणजे खरोखरच जाहीर: शहरातली माणसे बसलेली आणि त्यांच्यासमोर मुलींनी वाचून दाखवायचे, प्रश्नांची उत्तरे द्यायची. ज्या शहरात मुलींच्या हाती पाटी देणे हेच पाप समजत होते, तिथे हा पुरावाच होता. इथे मोजमाप मुलींचे होत नव्हते, पाहणारांच्या समजुतीचे होत होते. परीक्षेचे असेही एक रूप असते, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ. कारण पुढची हकिकत निराळी आहे.

पुढची हकिकत सुरू होते ती विलायतेत. गोरगरिबांच्या शाळांना तिथले सरकार पैसे देत असे, आणि खर्च वाढत चालला होता. रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने १८६२ साली नवे नियम आणले. त्यांचे सार असे, की जेवढा निकाल तेवढे पैसे. सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टरने परीक्षा घ्यायची. विषय तीन: वाचन, लेखन, अंकगणित. सहा इयत्ता ठरवल्या, आणि प्रत्येक इयत्तेत काय आले पाहिजे तेही छापून दिले. पहिलीच्या मुलाने सोप्या, एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचावी, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढावीत, वीसपर्यंत आकडे लिहावेत आणि दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करावी. तिन्ही विषयांत पास होणाऱ्या मुलामागे शाळेला आठ शिलिंग. एका विषयात नापास, तर दोन शिलिंग आठ पेन्स वजा. म्हणजे शाळेत येणारे प्रत्येक पोर हे शिलिंगांचे गाठोडे झाले, आणि इन्स्पेक्टर ते सोडून मोजू लागला.

याचा परिणाम काय झाला? मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रजीतला मोठा कवी आणि टीकाकार. पोटासाठी तो शाळांचा इन्स्पेक्टर होता, तोही थोडीथोडकी नव्हे, पस्तीस वर्षे. १८६७ च्या आपल्या अहवालात त्याने स्पष्ट लिहून ठेवले, की मुलांना खरे वाचन-लेखन-गणित न येताही या परीक्षेत पास करून घेता येते. कसे, तेही त्याने सांगितले. वर्षाच्या सुरुवातीला इयत्तेसाठी एक पुस्तक नेमायचे. वर्षभर तेच पुस्तक पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे. इन्स्पेक्टर आला की त्याच पुस्तकातल्या एकदोन ओळी मूल घडाघडा वाचून दाखवते, आणि पास होते. त्या मुलाच्या हातात दुसरे पुस्तक दिले तर? त्याला ते वाचता येत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थोडा वेळ थांबलोच. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गात एखादा न पाहिलेला उतारा वाचायला दिला, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, ‘सर, हा कितव्या पानावर आहे?’ दीडशे वर्षांपूर्वीचे विलायतेतले पोर आणि हा आमचा विद्यार्थी एकाच शाळेतून आलेत की काय, असे वाटावे!

‘निकालावर अनुदान’ ही पद्धत थोड्याच वर्षांत बोटीने आपल्याकडे आली. मुंबई इलाख्यात आणि मद्रासेत अनुदानाच्या नियमांत तिला जागा मिळाली. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग बसला, त्याने देशी प्राथमिक शाळांसाठी हीच पद्धत चांगली अशी शिफारस केली. पंतोजींच्या ओसरीवर आता डेप्युटी इन्स्पेक्टर येऊन बसले. खेड्यातल्या तोंडात त्यांचे नाव ‘दिपोटी’ झाले. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवायची, पोरांना धुतलेले कपडे घालून पाठवायचे, हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे, कोणती कविता कोणी म्हणायची ते आधी ठरवून ठेवायचे. ही रीत निकालाचे अनुदान गेल्यावरही फार दिवस टिकली. आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांना ती ऐकून नव्हे, पाहून माहीत असेल.

शाळेतल्या परीक्षेच्या वर आणखी एक परीक्षा होती, ती नोकरीच्या दाराशी उभी होती. मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाले की शिक्षकाची किंवा कारकुनाची जागा मिळू शके. तिची केंद्रे मोजकी. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे, दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १८७५ साली या परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून पायी निघाले, ते कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पोचले. अंतर शंभर मैलांवर. पावसाचे दिवस, नदीनाले भरलेले. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पुरी हवीत असा नियम होता, आणि अण्णांची ती पुरी झाली होती. पण अंगाने लहानखुरे! परीक्षेच्या मंडळींनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतराचा दिसत नाही, म्हणून परत पाठवला. वाचून दाखव, लिहून दाखव, असे म्हणण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. आल्या वाटेने घर गाठायचे! पुढे दुसऱ्या केंद्रावर ते ही परीक्षा पास झाले, आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की नियम सर्वांना सारखा असला तरी परीक्षेच्या दारापर्यंतचा रस्ता सर्वांना सारखा नसतो. साताऱ्यातल्या मुलाला ती परीक्षा दोन गल्ल्यांवर होती.

हाच रस्ता जोतीरावांना फार नीट दिसत होता. हंटर आयोगापुढे त्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात आपले निवेदन दिले. सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्यात आहे म्हणून ते गाजले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असे त्यांनी म्हटले. पण गुरुजींनी हे निवेदन सबंध वाचावे असे मला वाटते, कारण त्यात शाळेच्या रोजच्या कारभाराविषयी इतके बारीक लिहिले आहे, की लिहिणारा माणूस वर्गात उभा राहिलेला आहे हे कळून येते. शिकून तयार झालेल्या शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा. मुलांना मोडी आणि बालबोध वाचता-लिहिता यावे, हिशेब यावा, थोडा इतिहास-भूगोल, थोडे व्याकरण, शेतीची ओळख, आरोग्याचे चार धडे. आणि शेती शिकवायची तर जवळ लहानसे नमुन्याचे शेत असावे.

तपासणीविषयीही ते बोलले आहेत. दिपोटी वर्षातून एकदा येतात. त्याचा उपयोग फारसा नाही, असे त्यांचे म्हणणे. निदान दर तीन महिन्यांनी शाळा पाहिली जावी. आणि एरवीही, आगाऊ वर्दी न देता, शाळेत जावे. गावच्या आणि जिल्ह्याच्या कामगारांवर भिस्त ठेवू नये. त्यांना सवड नसते, आणि आले तरी त्यांची परीक्षा वरवरची होते.

वर्दी न देता! या पाच अक्षरांत केवढा अर्थ आहे पाहा. वर्दी देऊन आलेल्या साहेबाला सारवलेली शाळा दिसते. वर्दी न देता आलेल्याला रोजची शाळा दिसते: मास्तर हजर आहेत का, किती पोरे आली आहेत, मागच्या कोपऱ्यातले मूल पाटीवर काही लिहिते आहे की नुसते बसले आहे. रोजच्या शाळेतच मूल शिकते. वर्षातून एक दिवस मांडलेल्या शाळेत ते फक्त दाखवले जाते. विलायतेत आर्नल्डने जे पाहिले, तेच पुण्याच्या जोतीरावांनी आपल्या बाजूने पाहिले होते. फरक इतकाच, की आर्नल्ड खुर्चीवर बसून तपासणारा होता, आणि जोतीराव त्या शाळेला मुकलेल्यांच्या वतीने बोलत होते.

निकालावरच्या अनुदानाचे दिवस विलायतेत शतक संपण्याच्या सुमारास भरले. आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४ च्या मार्चमध्ये शिक्षणाविषयी जो ठराव काढला, त्यात परीक्षांचे स्तोम फार माजले आहे हे सरकारनेच कबूल केले. अनुदान सुटले. सवय सुटली नाही.

ती सवय किती महाग पडली याचा एक आकडा सांगतो. आकडे रेडिओवरून सांगितले की उडून जातात, पण हा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हार्टोग समितीचा अहवाल १९२९ साली प्रसिद्ध झाला. तिने दाखवून दिले, की १९२२-२३ साली पहिलीच्या वर्गात जी शंभर मुले होती, त्यांच्यामागे १९२५-२६ साली चौथीत फक्त अठरा होती. शंभरांतली अठरा! बाकीची ब्याऐंशी गेली कुठे? काही शाळा सोडून गेली, तिला ‘गळती’ हा शब्द रूढ झाला. काही त्याच वर्गात पुन्हा पुन्हा बसली, तिला ‘स्थगिती’ म्हणतात. आणि या दोन गोष्टी वेगळ्या नव्हेत. सुगीत महिनाभर शाळा बुडाली, मूल मागे पडले, वार्षिक परीक्षेत नापास झाले. पुढच्या वर्षी तोच वर्ग, तेच पुस्तक, आपल्याहून लहान पोरांच्या शेजारी बसणे. दुसऱ्यांदा नापास झाले की बाप म्हणायचा, ‘ह्याच्या डोक्यात काय शिरत न्हाई. गुरं तरी राखंल.’ आणि पोराचीही तशीच समजूत होऊन बसायची. गरिबी हे मोठे कारण होते, एकशिक्षकी शाळा हे दुसरे, यात वाद नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलावर ‘नापास’ हा शिक्का बसला, की घरच्या अडचणीला एक सबब मिळे, आणि मग ती अडचण पुन्हा उठत नसे.

इथे एक प्रश्न उरतो. काही मुले शाळेत पहिल्याच दिवशी रुळतात, आणि काही वर्ष गेले तरी दाराशीच घुटमळतात, हे का? याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा ठाणे जिल्ह्याच्या (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो) वारली पाड्यांवर शोधावे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी पोरांना किंवा आईबापांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज घरोघर झाला आहे, त्याची मुळे तिथे आहेत. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली, ती ‘कुरणशाळा’. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे काढायची, मग गाणे, गोष्ट, गारगोट्या आणि बिया मोजणे, आणि मग अक्षर.

शाळा मुलाकडून पुष्कळ गोष्टी न सांगता मागत असते. एका जागी बसावे. नाव पुकारले की ‘हजर’ म्हणावे. आपली पाळी येईपर्यंत थांबावे. विचारलेल्याचे उत्तर पुस्तकी भाषेत, मोठ्याने, अनोळखी माणसासमोर द्यावे. ज्या घरात वर्तमानपत्र येते, जिथे आजोबा पोथी वाचतात, तिथले मूल या गोष्टी दुधाबरोबर शिकून येते. शिक्षकाला वाटते, किती हुशार! ज्या घरात बोली निराळी, कामाची धांदल निराळी, तिथल्या मुलाला त्याच गोष्टी परक्या असतात. शिक्षकाला वाटते, मंद दिसते. जुन्या शाळांत पहिलीच्या आधी ‘बिगरी’ म्हणून एक वर्ग असे. त्याची पुष्कळ थट्टा झाली आहे, पण मुलाला शाळेची चाल शिकवायला एक सवडीची जागा लागते, एवढे तरी त्यात ओळखलेले होते. कोसबाडला ते प्रेमाने आणि शास्त्राने झाले, हा मोठा फरक.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आपल्या डोळ्यांसमोरचा आहे, तो भराभर सांगतो. १९५४-५५ पासून चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाल्या. हुशार आणि गरजू मुलांना हात द्यावा हा हेतू, आणि तो पुष्कळ अंशी साधलाही. कंदिलाच्या उजेडात शाळेत रात्रअभ्यास घेणारे, मुलांना स्वतः एस.टी.ने केंद्रावर नेणारे, पदरचे खाऊ घालणारे गुरुजी याच परीक्षेने आपल्याला दाखवले. शाळेच्या भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा फलक लागला. पण फलक लागला की जुना रोग डोके वर काढतो. वर्गातल्या पाच मुलांची तयारी करायची आणि पस्तीस मुलांनी शुद्धलेखन काढत बसायचे, असेही काही ठिकाणी झाले.

ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ साली ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही, असे त्याने ठरवले. हार्टोग समितीची ती ब्याऐंशी मुले आठवली, तर या कलमामागची कळकळ कळते. वार्षिक परीक्षेच्या जागी आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले. मात्र नापास करायचे नाही म्हणजे तपासायचेच नाही, असा सोयीचा अर्थ काही जणांनी लावला, तेव्हा मूल पाचवीत जाऊनही दुसरीचा धडा अडखळत वाचू लागले. मग २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३ साली आपल्या राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्यात कमी पडणाऱ्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची, अशी सोय आहे.

तेव्हा परीक्षा आहे, आणि राहणार आहे. मग मुलाला तयार कसे करावे? इतक्या इतिहासातून मला जे दिसते ते सांगतो.

पहिले, आर्नल्डचे ते दुसरे पुस्तक मुलाच्या हाती द्यावे. पाठ्यपुस्तकातला धडा म्हणून घेण्यापेक्षा, कधी न पाहिलेल्या चार ओळी रोज वाचून घ्याव्यात. घरात गोष्टीचे पुस्तक नसेल तर बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर आहे, एस.टी.ची पाटी आहे, रेशनकार्ड आहे, लग्नपत्रिका आहे. वाचून झाल्यावर ‘काय लिवलंय त्यात?’ एवढे विचारावे. ते विचारायला आईला स्वतःला वाचता यायलाच हवे असे नाही. मुलाने आपल्या बोलीत सांगितले तरी चालेल. आधी अर्थ सांगू द्यावा, पुस्तकी शब्द मागून येतात. गणिताचेही तेच. बाजाराहून आल्यावर पिशवीतल्या जिनसांचा हिशेब मुलाने करावा, पंतोजींच्या सवायकीला त्यातच जीव होता.

परीक्षेचे रूपही आधी दाखवावे. यात कमीपणा नाही. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या एका पेपरात दीड तासात ७५ प्रश्न असत, आणि उत्तरासाठी गोल काळा करायचा. शहरातले मूल असा कागद दहा वेळा पाहून येते. खेड्यातले मूल तो प्रथम परीक्षेच्या बाकावरच पाहील, तर त्याचा वेळ प्रश्नापेक्षा त्या गोलाशी झटण्यात जाईल. म्हणून तीनचार वेळा तसा कागद सोडवून घ्यावा, एका प्रश्नाशी अडून न बसता पुढे कसे जायचे ते दाखवावे. पण तीनचार वेळाच! वर्षभर तेच चालले, की आपण पुन्हा १८६२ साली जाऊन बसलो. गुरुजींनी महिन्यातून एकदा मुलांना न सांगता, गुण न मांडता, प्रत्येकाकडून थोडे वाचून घ्यावे आणि कोण कुठे अडते ते वहीत टिपून ठेवावे. जोतीरावांना हवी असलेली बिनवर्दीची तपासणी शिक्षक स्वतःच करू शकतो.

आणि पाचवीच्या निकालात कमी पडलेल्या मुलाचे ते दोन महिने. ते ऐन उन्हाळ्यात येतात. मूल मामाच्या गावी असते, नाहीतर आईबापांबरोबर कामावर. घरचे म्हणतात, आता जूनमध्ये बघू. तसे करू नये. निकालाच्याच दिवशी आईने किंवा बापाने शाळेत जाऊन गुरुजींना विचारावे, ‘ह्याला नेमकं काय येत नाही?’ ‘कच्चा आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. जोडाक्षरे अडतात, की हातच्याची वजाबाकी, की भागाकार, ते नावानिशी सांगा म्हणावे. गुरुजींनीही ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि मूल परगावी जाणार असेल तर चिठ्ठी त्याच्या दप्तरातच घालावी. मामाकडे आठवी-नववीतली मामेबहीण असतेच. दुपारी ऊन उतरेपर्यंत तासभर ती त्याला घेऊन बसली, तर दोन महिन्यांत हातच्याची वजाबाकी येते.